खेळाडूचा मॅनेजर होतो तेव्हा: इंग्लिश फुटबॉलमधील कारकीर्द कशी लिहावी

इंग्लंडमधील एखाद्या व्यावसायिक फुटबॉलपटूची आणि पुढे त्याच्या मॅनेजरपदाची कारकीर्द मराठीत लिहायला घेतली, की पहिल्या तासाभरातच जन्मतारीख, क्लब, सामने, गोल आणि करंडक असा सगळा ऐवज हाताशी येतो, आणि बहुतेक लेख तो ऐवज ओळीने मांडून संपतात. त्यात चूक काही नसते, पण वाचकाला माणूस दिसत नाही आणि त्याने नेमके काय केले हेही कळत नाही. एखादा आकडा कोणत्या श्रेणीतला, कोणत्या अवस्थेतल्या क्लबचा आणि कोणाच्या सोबतीने मिळवलेला, हे सांगितले नाही तर तो आकडा मुका राहतो. तो बोलका कसा करावा, एवढाच या टिपणाचा विषय आहे. उदाहरण म्हणून ब्रायन क्लफ (१९३५–२००४) याची कारकीर्द घेतली आहे, कारण लिहिणाऱ्याला फसवणाऱ्या जवळजवळ सगळ्या जागा तिच्यात एकत्र सापडतात.

आधी नावे आणि शब्द

पहिली अडचण आडनावाचीच आहे. रोमन लिपीतील अक्षरे पाहून त्याचे ‘क्लॉ’ किंवा ‘क्लाउघ’ करण्याचा मोह होतो, पण उच्चार ‘क्लफ’ असा आहे. इंग्लिश गावांची नावेही अशीच चकवतात. डार्बी, लेस्टर, मिडल्सब्रो, टॉटनम ही रूपे उच्चाराला धरून आहेत आणि मराठी वाचकाने ती समालोचनात ऐकलेली असतात, म्हणून तीच वापरावीत. नॉटिंगहॅममधला ‘ह’ इंग्लंडमध्ये जवळजवळ ऐकू येत नाही, पण मराठीत हे रूप इतके रुळले आहे की त्याला हात लावू नये. काहीही ठरवले तरी एका लेखात एकच रूप असावे.

दुसरी अडचण ‘मॅनेजर’ या शब्दाची. ‘व्यवस्थापक’ म्हटले की आपल्याला बँक किंवा हॉटेल आठवते, आणि क्रिकेटमुळे संघाचा मॅनेजर म्हणजे सामानसुमान, विमानाची तिकिटे व पत्रकार परिषदा पाहणारा गृहस्थ, अशी आपली समजूत झालेली असते. ‘प्रशिक्षक’ हा शब्द जवळचा आहे, पण तोकडा आहे. क्लफच्या काळातील इंग्लिश मॅनेजर संघ निवडत असे, खेळाडू विकत घेत व विकत असे, त्यांच्या पगाराचे बोलत असे, सराव कसा घ्यायचा ते ठरवत असे, आणि हार्टलपूल्ससारख्या गरीब क्लबात याहून बरेच काही करत असे. त्या क्लबात असताना गरज पडल्यास संघाची बस चालवता यावी म्हणून क्लफने चक्क बसचालकाचा परवाना काढला होता. अशा कामाला ‘प्रशिक्षक’ म्हणणे अपुरे आहे. ‘मॅनेजर’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तेथे एका वाक्यात त्याचा आवाका सांगून टाकावा. अलीकडे इंग्लंडमध्येही खेळाडूंच्या खरेदीसाठी वेगळा संचालक असतो आणि मैदानावरच्या माणसाला ‘हेड कोच’ म्हणतात. आजच्या एखाद्या माणसावर लिहीत असाल तर हा फरक तपासूनच शब्द निवडावा.

तिसरी अडचण खास मराठीची आहे. खेळाडूला आपण एकेरीत संबोधतो. ‘गावसकरने शतक ठोकले’ असे लिहिताना कोणाला अनादर वाटत नाही. मॅनेजर किंवा प्रशिक्षक म्हटला की लेखणी आपोआप ‘त्यांनी’कडे वळते. परिणामी १९६४ पर्यंत ‘तो’ असलेला माणूस १९६५ मध्ये ‘ते’ होतो, आणि वाचकाला वाटते की मध्येच कोणी दुसराच आला. यावर उपाय एकच, पहिल्या वाक्यात जे वळण घेतले ते शेवटपर्यंत ठेवायचे. मी स्वतः एकेरी पसंत करतो, कारण त्यामुळे चुकाही मोकळेपणाने सांगता येतात. आदरार्थी बहुवचनात टीका लिहिताना मराठी वाक्य उगीच अवघडून बसते.

श्रेणी सांगितल्याशिवाय गोल सांगू नयेत

क्लफने फुटबॉल लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. हा आकडा विलक्षण आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात तो मी कौतुकाने तसाच लिहून टाकला होता, आणि वाचणाऱ्या मित्राने एकच प्रश्न विचारला: एवढे गोल करणारा माणूस इंग्लंडकडून दोनच सामने कसा खेळला? उत्तर श्रेणीत होते. मिडल्सब्रोकडून १९५५ ते १९६१ या काळात २१३ सामन्यांत १९७ गोल आणि संडरलंडकडून ६१ सामन्यांत ५४ गोल, असा तो हिशेब आहे, आणि यातले जवळजवळ सगळे सामने दुसऱ्या श्रेणीतील आहेत. अव्वल श्रेणीत क्लफ केवळ तीन सामने खेळला आणि त्यांत त्याने एक गोल केला. इंग्लंडसाठीचे दोन्ही सामने ऑक्टोबर १९५९ मधले, एक वेल्सविरुद्ध आणि दुसरा स्वीडनविरुद्ध; त्यांत त्याला गोल करता आला नाही. हे सांगितल्याने २५१ चे मोल कमी होत नाही. उलट आपण वर कधी तपासले गेलोच नाही, ही त्याच्या मनातली सल वाचकाला समजते, आणि पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा त्या सलीतून होतो.

श्रेणींच्या नावांबाबत कमालीची सावधगिरी बाळगावी. १९९२ पर्यंत ‘पहिली श्रेणी’ म्हणजे खरोखरच अव्वल श्रेणी होती. त्या वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली आणि ‘पहिली श्रेणी’ हे नाव एक पायरी खाली सरकले. २००४ मध्ये दुसऱ्या पायरीला ‘चॅम्पियनशिप’ आणि तिसऱ्या पायरीला ‘लीग वन’ अशी नावे मिळाली. म्हणजे ‘पहिली श्रेणी’ या दोन शब्दांचा अर्थ वर्षागणिक बदलतो. नाव लिहावे, पण त्याबरोबर ‘वरून दुसरी’, ‘वरून तिसरी’ असा पायरीचा उल्लेखही करावा. युरोपियन कप हीच पुढे, १९९२ पासून, चॅम्पियन्स लीग झाली. मात्र क्लफ मॅनेजर असताना नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ मध्ये मिळवलेल्या विजयाला ‘चॅम्पियन्स लीग’ म्हणणे कालविपर्यास ठरतो.

गुणांचेही तसेच आहे. १९८१ पर्यंत इंग्लंडमध्ये विजयाला दोन गुण होते, त्यानंतर तीन झाले. क्लफच्या हाताखाली डार्बी काउंटीने १९७१–७२ मध्ये विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचे ४२ सामन्यांत ५८ गुण होते, आणि आजच्या सवयीने पाहणाऱ्याला ही मधल्या फळीतल्या संघाची कमाई वाटेल. २४ विजय आणि १० बरोबरी यांचा आजच्या पद्धतीने हिशेब केला तर ते ८२ होतात. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या १९७७–७८ मधील ६४ गुणांचे तसेच ८९ होतात. मूळ आकडा बदलू नये, पण शेजारी असा एक हिशेब दिला की वाचकाला उंची कळते.

वळणाचा दिवस जवळून दाखवावा

खेळाडूच्या आयुष्यातून मॅनेजरचे आयुष्य जिथे फुटते, ती जागा लेखात सर्वांत सविस्तर असावी, असे माझे मत आहे. बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकलेली असते. “१९६२ मध्ये दुखापत झाल्याने क्लफची कारकीर्द संपुष्टात आली व १९६५ मध्ये तो मॅनेजर बनला.” या वाक्यात खोटे काही नाही आणि दिसणारेही काही नाही. त्याच मजकुराचा हा दुसरा खर्डा पाहावा.

“२६ डिसेंबर १९६२, नाताळचा दुसरा दिवस. संडरलंडच्या रोकर पार्कचे मैदान थंडीने कडक झाले होते आणि समोर बरी या क्लबचा संघ होता. पुढे आलेल्या चेंडूमागे धावताना सत्तावीस वर्षांचा क्लफ गोलरक्षक ख्रिस हार्करवर आदळला आणि त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. तेव्हा बदली खेळाडू उतरवण्याची सोय इंग्लिश लीगमध्ये नव्हती. ती १९६५ मध्ये आली. त्यामुळे उरलेला सामना संडरलंड दहा जणांनिशी खेळला आणि हरला. त्या हंगामात दुसऱ्या स्थानावरील चेल्सीइतकेच गुण मिळवूनही गोल सरासरीत मागे पडल्याने संडरलंडची बढती हुकली. पुढच्या वर्षी ती मिळाली, पण क्लफविना. १९६४ मध्ये तो परतला, तीन सामने खेळला आणि एकोणतिसाव्या वर्षी थांबला.”

या परिच्छेदात विशेषणे नाहीत, पण तीन गोष्टी आल्या आहेत: मैदान, नियम आणि परिणाम. बदली खेळाडूंचा नियम हा इथला कळीचा तपशील आहे, कारण आज टीव्हीवर पाच बदल पाहणाऱ्या वाचकाला दहा जणांनी उरलेला सामना रेटण्याचे कारण आपण होऊन सुचणार नाही. जुन्या काळावर लिहिताना असे नियम शोधून ठेवावेत. ते सापडले की प्रसंग आपला आपण उभा राहतो.

याच जागी पैशाचाही विचार करावा. १९६१ पर्यंत इंग्लिश खेळाडूच्या पगाराला आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. क्लफची उमेदीची वर्षे त्याच मर्यादेत गेली. पदरी साठलेले काही नाही, शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली, आणि एकोणतिसाव्या वर्षी हातचे काम गेलेले, असा तो माणूस होता. संडरलंडने त्याला आधी कुमार संघाचे काम दिले आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये, तिसाव्या वर्षी, तो हार्टलपूल्स युनायटेडचा मॅनेजर झाला. आजचा निवृत्त खेळाडू मॅनेजर होतो तेव्हा तो बहुधा हौसेने होतो. त्या पिढीतल्या अनेकांना दुसरा धंदाच येत नव्हता.

क्लब हाती आला तेव्हा काय होता, आणि सुटल्यावर काय झाला

मॅनेजरच्या कामाचे मोजमाप विजयांच्या टक्केवारीने करण्याची पद्धत आता सर्वत्र आहे, आणि माझ्या मते ती आळशी पद्धत आहे. तिच्याऐवजी प्रत्येक क्लबसाठी दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. तो येण्याआधीच्या दोन हंगामांत क्लब कुठे होता? तो गेल्यानंतरच्या दोन हंगामांत कुठे गेला?

हार्टलपूल्सचे पाहा. चौथ्या श्रेणीतल्या तळाच्या चार क्लबांना तेव्हा लीगमध्ये राहू देण्याविषयी इतर क्लबांकडे मते मागावी लागत, आणि ही पाळी हार्टलपूल्सवर वारंवार आली होती. क्लफच्या हाताखाली तो संघ पहिल्या हंगामात अठरावा आणि दुसऱ्यात आठवा आला. करंडक नाही, बढती नाही. पण तो गेल्यावर लगेचच्या १९६७–६८ च्या हंगामात त्या क्लबला इतिहासात पहिल्यांदा बढती मिळाली. नोंदीत ती बढती दुसऱ्याच्या नावावर आहे आणि तशीच असावी. तरी पाया कोणी घातला हे लेखाने सांगायला हवे.

डार्बीत तो १९६७ च्या उन्हाळ्यात आला. क्लब दुसऱ्या श्रेणीत होता, आणि क्लफचा पहिला हंगाम आधीच्यापेक्षा एका स्थानाने वाईट गेला: सतरावरून अठरावर. तिथेच त्याला काढून टाकले असते तर आज कोणी हे नाव घेतले नसते. पुढच्याच हंगामात डार्बी दुसऱ्या श्रेणीचा विजेता झाला. टॉटनमहून आलेला अनुभवी डेव्ह मॅके मागच्या फळीत उभा राहिल्यावर त्या तरुण संघाला आधार मिळाला. १९७२ मध्ये डार्बीने इतिहासातले पहिले लीग विजेतेपद मिळवले. आपले सामने संपवून डार्बी वर बसली होती. लीड्स आणि लिव्हरपूल दोघांचेही शेवटचे सामने बाकी होते आणि दोघेही जिंकू शकले नाहीत. ही बातमी आली तेव्हा संघ मायॉर्कात सुट्टीवर होता आणि क्लफ कुटुंबासह सिली बेटांवर. ऑक्टोबर १९७३ मध्ये संचालकांशी बिनसल्याने त्याने राजीनामा दिला, आणि १९७४–७५ मध्ये डार्बी पुन्हा विजेता झाला, या वेळी मॅनेजर होता तोच डेव्ह मॅके, आणि संघातले बरेच खेळाडू क्लफने जमवलेले.

फॉरेस्टचेही असेच. जानेवारी १९७५ मध्ये तो आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत मधोमध घुटमळत होता आणि त्या हंगामाअखेर सोळावा आला. १९९३ मध्ये, प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात, फॉरेस्ट तळाला राहून खाली घसरला आणि क्लफ निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या फ्रँक क्लार्कने एका वर्षात संघ परत वर नेला. हा क्लार्क १९७९ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात क्लफच्या संघात डावा बचावपटू होता.

शेजारी कोण होते

मॅनेजर एकटा असतो, ही समजूत तक्त्यामुळे होते, कारण तक्त्यात एकाच नावाला जागा असते. क्लफच्या बाबतीत दुसरे नाव पीटर टेलर. दोघांची भेट मिडल्सब्रोत झाली, तिथे टेलर गोलरक्षक होता. हार्टलपूल्सपासून तो क्लफचा सहायक झाला, आणि खेळाडू हेरण्याची त्याची नजर हे त्या जोडीचे अर्धे भांडवल होते. अशा वेळी एका कोऱ्या कागदावर कारकिर्दीचे तुकडे पाडून प्रत्येकापुढे ‘सोबत’ की ‘एकटा’ एवढेच लिहावे. तो कागद काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे.

हार्टलपूल्स आणि डार्बी येथे दोघे सोबत होते. नोव्हेंबर १९७३ पासून तिसऱ्या श्रेणीतल्या ब्रायटनमध्येही ते सोबत होते, आणि तिथे ३२ लीग सामन्यांत १२ विजय एवढीच कमाई झाली. म्हणजे जोडी जमली की यश ठरलेलेच, असे नाही. जुलै १९७४ मध्ये क्लफ लीड्सला एकटा गेला, टेलर ब्रायटनमध्येच थांबला. फॉरेस्टमधली पहिली दीड वर्षेही क्लफने एकट्याने काढली. जुलै १९७६ मध्ये टेलर आला, आणि त्यानंतरचा क्रम असा: १९७७ मध्ये तिसऱ्या स्थानावर राहून जेमतेम बढती, १९७८ मध्ये लीग विजेतेपद व लीग कप, १९७९ मध्ये लीग कप व युरोपियन कप, १९८० मध्ये पुन्हा युरोपियन कप. नोव्हेंबर १९७७ ते डिसेंबर १९७८ या काळात लीगमधल्या सलग ४२ सामन्यांत फॉरेस्ट हरला नाही, आणि हा विक्रम आर्सेनलने २००४ मध्ये मोडेपर्यंत टिकला. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला. त्यानंतर क्लफला लीग विजेतेपद मिळाले नाही.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. टेलर गेल्यानंतरही फॉरेस्ट १९८४, १९८८ आणि १९८९ मध्ये तिसऱ्या स्थानावर होता, १९८९ व १९९० मध्ये त्यांनी लीग कप जिंकला आणि १९९१ मध्ये ते एफए कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले. शिवाय हेझेल मैदानावर प्रेक्षकांचे बळी घेणाऱ्या दुर्घटनेमुळे १९८५ ते १९९० पर्यंत इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी होती, त्यामुळे त्या वर्षांतली चांगली स्थाने युरोपच्या दारापर्यंत जाऊन थांबली. ‘टेलर नसेल तर क्लफ शून्य’ आणि ‘टेलर हा नुसता मदतनीस’ ही दोन्ही वाक्ये खर्ड्यातून खोडावीत.

जोडीचा शेवट दुःखद आहे. टेलर निवृत्ती सोडून डार्बीचा मॅनेजर झाला आणि १९८३ मध्ये त्याने फॉरेस्टच्या जॉन रॉबर्टसनला आपल्याकडे घेतले. क्लफला ते विश्वासघातासारखे लागले. दोघे पुन्हा बोलले नाहीत, आणि १९९० मध्ये टेलर वारला. या प्रसंगाचे वजन वाचकाला कळायचे तर रॉबर्टसन कोण हे आधी रुजवलेले हवे. ३० मे १९७९ ला म्युनिकमध्ये डाव्या बगलेवरून त्यानेच मारलेल्या क्रॉसवर ट्रेव्हर फ्रान्सिसने हेडरने माल्मोविरुद्धचा एकमेव गोल केला. आणि वर्षभराने, २८ मे १९८० ला माद्रिदमध्ये, हॅम्बुर्गविरुद्धचा एकमेव गोल स्वतः रॉबर्टसनचा होता. दोन्ही युरोपियन कप ज्याच्या डाव्या-उजव्या पायांतून आले, तो खेळाडू मित्राने नेला होता.

आणखी एक युक्ती सांगतो. अनेक क्लबांत फिरलेल्या मॅनेजरचा लेख तुटक होतो. त्याला एका धाग्याने शिवायचे तर त्याच्यामागे क्लबोक्लबी गेलेला एखादा खेळाडू शोधावा. क्लफसाठी तो जॉन मॅकगव्हर्न आहे. सोळाव्या वर्षी त्याला हार्टलपूल्सच्या संघात क्लफनेच उतरवले. मग डार्बी, मग लीड्स, मग फॉरेस्ट असा तो मागोमाग गेला, आणि दोन्ही युरोपियन कप कर्णधार म्हणून त्यानेच उंचावले. चौथ्या श्रेणीतला तो पोरगा आणि माद्रिदमधला तो कर्णधार हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवले की चौदा वर्षांचे अंतर वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

चव्वेचाळीस दिवस

लीड्समधला काळ प्रत्येक लेखकाला खुणावतो: ३० जुलै ते १२ सप्टेंबर १९७४, सहा लीग सामने, एक विजय, हकालपट्टी. पण त्याच कारणाने तो प्रमाणाबाहेर फुगतो. आधीचा मॅनेजर डॉन रेव्ही याने घडवलेला तो विजेता संघ होता, आणि क्लफने वर्षानुवर्षे जाहीरपणे त्या संघाच्या खेळाला दांडगाईचा खेळ म्हणून झोडपले होते. त्याच खेळाडूंसमोर तो मॅनेजर म्हणून उभा राहिला. मागे जाऊन पाहिले तर मिडल्सब्रोत खेळाडू असतानाच सहकाऱ्यांनी त्याला कर्णधारपदावरून काढा म्हणून सह्यांचा अर्ज दिला होता, हे सापडते. या दोन घटना शेजारी ठेवाव्यात. खेळाडूचा स्वभाव मॅनेजरपदात कसा उतरतो हे दाखवण्याची इतकी नेमकी संधी फार थोड्या कारकिर्दींत मिळते. ‘आधी आणि नंतर’ची कसोटी इथेही लावावी: क्लफ गेल्यावर जिमी आर्मफील्डच्या हाताखाली तोच लीड्स संघ १९७५ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला.

या दिवसांवर कादंबरी आणि चित्रपटही आले आहेत. त्यांतले संवाद आणि प्रसंग तथ्य म्हणून उचलू नयेत. तीच काळजी खुद्द क्लफच्या बोलण्याबाबत घ्यावी. तो बोलका होता, टीव्हीवर लोकप्रिय होता आणि स्वतःची गोष्ट रंगवून सांगत असे. सामन्याचा निकाल, तारीख, खेळाडूंची यादी यांसाठी क्लबच्या व लीगच्या नोंदी पाहाव्यात. त्याला काय वाटले एवढ्यापुरतेच त्याचे शब्द घ्यावेत, आणि ‘क्लफच्या म्हणण्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे.

नकोसे वाटणारे लिहावेच

मराठीत थोरांवर लिहिताना शेवटी सगळे गोड करून टाकण्याची खोड आहे. क्लफच्या बाबतीत ती महाग पडते. जानेवारी १९८९ मध्ये मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांना त्याने हात लगावले आणि त्याबद्दल त्याला दंड व मैदानाच्या कडेला उभे राहण्याची बंदी झाली. दहा लाख पौंडांना घेतलेल्या जस्टिन फशानूशी, तो समलिंगी असल्याचे कळल्यावर, क्लफ ज्या तऱ्हेने वागला तिचे समर्थन होत नाही. त्याच क्लफच्या संघात विव्ह अँडरसन घडला आणि १९७८ मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, हेही तितकेच खरे आहे. एकाने दुसरे पुसू नये. हिल्सबरो मैदानावर १९८९ मध्ये झालेल्या प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीसाठी, जिथे त्याचाच संघ लिव्हरपूलसमोर होता, त्याने लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दोष दिला, आणि आपले ते म्हणणे चुकीचे होते हे त्याला पुढे मान्य करावे लागले. अखेरच्या वर्षांतले दारूचे व्यसन त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. २००३ मध्ये त्याचे यकृत प्रत्यारोपण झाले आणि २० सप्टेंबर २००४ ला तो वारला. हे सर्व साध्या, कोरड्या वाक्यांत लिहावे. कोणत्याही वाक्याला ‘दुर्दैवाने’ हा शब्द जोडू नये.

मृत्यूनंतरच्या मानसन्मानांना दोन-तीन ओळी पुरेत. डार्बी व नॉटिंगहॅम या एकमेकांशी हाडवैर असलेल्या शहरांमधल्या रस्त्याला त्याचे नाव आहे, एवढा एक तपशील पुतळ्यांच्या यादीपेक्षा अधिक सांगतो. डार्बीतला पुतळा मात्र नोंदवावा, कारण तिथे टेलर शेजारी उभा आहे.

सरावासाठी

पहिल्याच प्रयत्नाला क्लफसारखा अवजड विषय घेऊ नये. महाराष्ट्रातील लिहिणाऱ्याला जवळची दोन नावे आहेत. एव्हर्टनचा माजी खेळाडू पीटर रीड इंडियन सुपर लीगच्या पहिल्या, म्हणजे २०१४ च्या, हंगामात मुंबई सिटी एफसीचा मॅनेजर होता. आणि १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी गोल करणारा डेव्हिड प्लॅट २०१५ मध्ये एफसी पुणे सिटीकडे मॅनेजर म्हणून होता. प्लॅट घ्यावा, असे मी सुचवेन. १९९९ ते २००१ या काळात तो नॉटिंगहॅम फॉरेस्टचा, म्हणजे क्लफच्याच खुर्चीवरचा, मॅनेजर होता. फॉरेस्ट तेव्हा कोणत्या पायरीवर होता आणि त्या पायरीचे नाव काय होते, तेवढे आधी शोधावे. ‘पहिली श्रेणी’ असे उत्तर मिळेल, आणि तिथेच जरा थांबून वर्ष पाहावे.